दोन पोती काळी माती आणि आमची गॅलरी

माहेर औसा तालुक्यातलं, रान काळंभोर. त्यामुळे लातूरच्या फ्लॅटच्या गॅलरीत भाजी लावायचं ठरवलं तेव्हा मातीचा प्रश्न मला प्रश्नच वाटला नाही. अण्णांना फोन केला आणि जीपच्या टपावरून दोन पोती माती आली. "सोनं हाय आपली माती," म्हणत अण्णांनी पोत्यांची तोंडं स्वतः शिवून दिली होती.

गॅलरी आठ फूट बाय चार. रंगाचे धुतलेले डबे, दोन फुटक्या बादल्या, एक क्रेट. तापल्या सळईने तळाला भोकं पाडली, माती ठासून भरली, टोमॅटो-मिरचीची रोपं लावली. महिना एप्रिल. निम्मं तिथंच चुकलं.

दहा दिवसांत डब्यातली माती विटेसारखी झाली. काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. रानात ती भेगाळते, डब्यात कडेनं सुटली. पाणी घातलं की मातीला न शिवता त्या फटीतून सरळ खाली, आणि तिथून खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या पापडांवर. (ते पापड मी पुन्हा लाटून दिले. तो अनुभव वेगळा.) मग मी पाणी वाढवलं, तर मधल्या गड्ड्यात चिखल साचला. मिरचीचं रोप उपटून पाहिलं तर मुळं काळी पडलेली आणि वास डबक्यासारखा. हीच माती रानात ओल धरून ठेवते म्हणून रब्बीची ज्वारी येते. पण तिथं मुळांना खोल जायला वाट असते, डब्यात वीतभर खोली आणि चहूबाजूंनी प्लास्टिक.

शेतकऱ्याची लेक असून रोपवाटिकेतल्या पोराकडून माती शिकायची लाज वाटली, पण शिकले. मृगात नव्याने डबे भरले. एक वाटा काळी माती, एक वाटा कोकोपीट, एक वाटा कुजलेलं शेणखत, थोडी जाड वाळू आणि डब्यामागे मूठभर निंबोळी पेंड. मूठ घट्ट दाबली की गोळा व्हावा आणि बोटानं टिचकी मारली की फुटावा, ही त्या पोराची परीक्षा. पाच किलोची कोकोपीटची वीट भिजून घमेल्याबाहेर सांडायला लागली तेव्हा अण्णा नेमके घरी आलेले. "नारळाचा भुसा इकत घ्यायलीस व्हय?" एवढंच म्हणाले आणि चहा मागितला. एक फायदा मात्र मलाही नंतर कळला, डबे हलके झाले. नुसत्या ओल्या काळ्या मातीची बादली एकटीला सरकत नव्हती.

पाण्याची गोष्ट आमच्याकडे नाजूक. 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलेलं हे गाव, कुंड्यांना नळाचं पाणी घालताना सासूबाईंची नजर चुकवावी लागते. म्हणून मी फिल्टरमधून वाया जाणारं पाणी वापरायला लागले. मला फार हुशारी केल्यासारखं वाटलं. महिन्याभरात मातीवर पांढरी खपली आली आणि पानांच्या कडा करपल्या. आमचं बोअरचं पाणी मुळात क्षाराचं, फिल्टर त्यातले क्षार त्या वाया जाणाऱ्या पाण्यातच सोडतो. आता ते फरशीला, आणि तांदूळ-डाळ-भाजी धुतलेलं कुंड्यांना. वर सोयाबीनच्या भुसकटाचा दोन बोटं थर, त्यानं ओल टिकते. उन्हाळ्यात हिरवी जाळी बांधते, पश्चिमेचं ऊन तिच्याशिवाय कुठलंच रोप सोसत नाही.

टोमॅटो अजून मनासारखा येत नाही. मेथी-कोथिंबीर मात्र क्रेटमध्ये झकास. धणे चपलेखाली रगडून दोन फाकी करायचे आणि मग पेरायचे. मेथी महिन्याच्या आत काढायला येते.

यंदा येळवशीला, म्हणजे वेळा अमावस्येच्या सणाला, रानात जाताना क्रेटमधली मेथीची जुडी घेऊन गेले. आईनं ती भज्जीच्या (त्या दिवशीच्या मिसळीच्या भाजीच्या) पातेल्यात तुरीच्या दाण्यांबरोबर टाकली. अण्णांनी आंबील पिऊन तांब्या खाली ठेवला, माझ्याकडं न बघता विचारलं, "जाताना माती भरून देऊ का?"

"द्या की. पण अर्धंच पोतं."