बीमखालून गेलेला डक्ट

"साहेब यायलेत." मार्च-एप्रिलमध्ये आमच्या घराचं डिझाइन करणाऱ्या इंजिनिअरच्या ऑफिसात हे वाक्य मी अकरा वेळा ऐकलं. लातूरबाहेरच्यांसाठी सांगते, आमच्याकडं 'यायलेत' म्हणजे 'येत आहेत'. कुठून आणि कधी, ते त्यात नसतं.

आमच्या घराच्या एका बाजूला डाळमिल आहे आणि दुसऱ्या बाजूला रस्ता, म्हणून खिडक्या वर्षभर बंद. रात्री एसी लावून चौघं झोपलो की सकाळी डोकं जड. एसी खोलीतलीच हवा फिरवतो, बाहेरची ताजी हवा आत आणत नाही. पुतण्या जर्मनीत असतो, त्यानं हीट रिकव्हरी व्हेंटिलेशन सुचवलं. मशीनमध्ये बाहेर जाणारी आणि आत येणारी हवा पातळ पडद्यांच्या दोन्ही बाजूंनी जाते. ती एकमेकींत मिसळत नाही, पण उष्णता इकडून तिकडं जाते. तिकडं थंडीत घरातली ऊब वाचते, आपल्याकडं उन्हाळ्यात गारवा. बाहेर ४० अंश, आत २६ आणि मशीन ७० टक्के काम करत असेल, तर आत येणारी हवा ३० च्या आसपास येते. म्हणजे हा काही कूलर नव्हे, एसी लागतोच. "त्यापेक्षा मोठा डक्ट कूलर बसवा की," असं गल्लीतल्या प्रत्येकानं सांगितलं. २०१६ साली ज्या गावाला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथं रोज बादल्यांनी पाणी पिणारं यंत्र मला नको होतं.

मशीन आलं, बाथरूमवरच्या माळ्यात टांगलं, बाहेरच्या भिंतीला दोन भोकं पडली. सगळं दोन दिवसांत.

मग बीम आडवा आला.

मशीन एकीकडं, बेडरूम दुसरीकडं, मध्ये साडेतीन फुटांचा पॅसेज आणि त्यात स्लॅबखाली दहा इंच उतरलेला बीम. डक्ट, म्हणजे मशीनमधून खोलीत हवा नेणारा पाईप, सहा इंची गोल. बीमखालून नेला तर इन्सुलेशन आणि पीओपी धरून छत सव्वाआठ फुटांवर येणार. "बोगदा होईल," यजमान म्हणाले. काँक्रीटला गोल भोक पाडणाऱ्या कोर कटिंगवाल्यानं बीमवर, कॉलमपासून फूटभरावर, खडूनं गोल काढला. "काही होत नसतंय ताई, असे लई मारलेत." त्याच्या कटिंग मशीनची वायर सॉकेटपर्यंत गेली होती. तेवढ्यात सासूबाई चहा घेऊन आल्या.

त्यांचं माहेर औसा तालुक्यातलं. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, किल्लारीच्या भूकंपाची, गणपती विसर्जनानंतरची. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं माळवद, ते सगळं झोपलेल्या माणसांवर आलं. त्यांनी खडूच्या गोलाकडं पाहिलं. "आमच्या घराला बीम नव्हता. तुझ्या घराला हाय, तर त्याला भोक पाडायलीस व्हय?" चहाचा ट्रे त्यांनी तसाच हातात धरला होता. मी वायर काढायला सांगितली.

घराचं आरसीसी डिझाइन ज्या ऑफिसानं केलं होतं, तिथं गेले. ड्रॉइंगची आमची प्रत बांधकामाच्या वेळीच ठेकेदाराकडं गेली होती, ती परत आलीच नाही. (स्लॅब भरायच्या आधी सळयांचे फोटो काढून ठेवा. मी वास्तुशांतीचे दोनशे काढले, सळयांचा एकही नाही.) पहिल्या दिवशी मुलगा म्हणाला, लेखी अर्ज द्या. दुसऱ्या दिवशी म्हणाला, अर्जासोबत मंजूर नकाशाची झेरॉक्स लागते. झेरॉक्स नेली तर तीवर घराचा नंबर पुसट, दुसरी आणा. चौथ्या दिवसापासून सगळं पूर्ण होतं आणि साहेब यायलेत. बाकड्यावर बसून समोरच्या कॅलेंडरमधले सगळे सण मला पाठ झाले. इकडं लग्नसराई सुरू झाली, डक्टवाला पोरं घेऊन गावी गेला, आणि पॅसेजमध्ये पाईपची गुंडाळी पडलेली, रात्री पाय अडकायचा. फोनवर विचारून टाकावं म्हटलं तर उत्तर एकच, "साईट बघितल्याशिवाय साहेब बोलत नसतेत." हे बरोबरच होतं, त्याचाच जास्त राग येत होता.

बाराव्या वेळी मी गेलेच नाही, आणि त्याच संध्याकाळी साहेब घरी आले. पाच मिनिटं. बूट न काढता स्टुलावर चढले आणि खडूचा गोल अंगठ्यानं पुसला. कॉलमजवळ बीमवर कातरण्याचा जोर सर्वात जास्त असतो, तिथं भोक म्हणजे कातरीला जागा करून देणं. पाडायचंच तर मधल्या भागात, उंचीच्या मध्यावर, लहान, आणि तेही भरायच्या आधी ठरवून, भोवती जादा सळई टाकून. झालेल्या बीमला सहा इंच? नाही. "खालून घ्या, चपटा करून." या दोन शब्दांसाठी पाच आठवडे.

चपट्याचा हिशोब मग मीच केला. सहा इंची गोलाचं क्षेत्रफळ साधारण २८ चौरस इंच. १० बाय ३ केलं तर ३० होतं, पण चपट्या पाईपात हवेला घासण जास्त, म्हणून १२ बाय ३ घेतलं. एमआयडीसीत जीआय पत्र्याचा तुकडा वळवून मिळाला, दोन्ही टोकांना गोलाला जोडणारे तुकडेही. छत आधी नऊ फुटांवर धरलं होतं, ते फक्त सहा इंच खाली आलं. यजमानांना ते अजून कळलेलं नाही.

फ्लेक्झिबल पाईप आकसलेला ठेवू देऊ नका, ताणून उरलेला कापायला लावा, नाहीतर हवा सुरकुत्यांतच दमते. जोडांना आधी सीलंट, मग ॲल्युमिनियम टेप. खोक्यांची तपकिरी टेप लावत होते, मी सोलून काढली. दार बंद असताना हवा खोलीतून परत यायला दाराखाली अर्धा इंच फट लागते. सुतार ती "चूक" समजून पट्टी मारतो, लक्ष ठेवा. किचनच्या चिमणीचा धूर या डक्टला जोडायचा नाही, तेल थेट मशीनच्या पोटात जातं. हवा घेणारं तोंड सेप्टिक टँकच्या व्हेंट पाईपशेजारी आखलं होतं, ते पलीकडच्या भिंतीला हलवलं. हो, आणि भिंतीतली भोकं बाहेरच्या बाजूला जरा उताराची हवीत. आमची नव्हती, हे जूनच्या पहिल्या पावसात माळ्यातल्या चादरींनी सांगितलं.

फिल्टर तीन आठवड्यांत तुरीच्या डाळीच्या रंगाचा झाला. तो धुताना मला बरं वाटतं, एवढं सगळं आधी आमच्या नाकात जात होतं.

परवा त्या ऑफिसातून फोन आला. ड्रॉइंग सापडलंय, अर्जावर एक सही राहिलीय, येऊन जा.

"यायले की," म्हटलं.