लस न टोचलेली एकच डुकरीण

फोनवर डुकरांच्या मालकाचं पहिलंच वाक्य होतं, "डॉक्टर, कानं निळी पडल्यात बघा." करवीर तालुक्यात पंचगंगेच्या काठाला शेड, 38 डुकरं, चार दिवसांत 9 मेलेली. आम्ही गाडी डांबरी रस्त्यावरच ठेवली. गमबूट, अंगभर प्लॅस्टिकचा झगा आणि दुहेरी हातमोजे चढवूनच आत गेलो.

जिवंत डुकरं एका कोपऱ्यात एकमेकांवर ढीग करून पडलेली. थर्मामीटर लावलेल्या पहिल्या सहांपैकी पाचांना 105 ते 107 अंश फॅरनहाइट ताप. डोळे चिपडांनी चिकटलेले, कान आणि पोटाखालची कातडी जांभळट, दोघांचे मागचे पाय झोकांड्या देत होते. चित्र क्लासिकल स्वाइन फीव्हरचं, पण आफ्रिकन स्वाइन फीव्हरही हुबेहूब असाच दिसतो. पहिल्याचा विषाणू आरएनएचा आणि त्याला लस आहे. दुसऱ्याचा डीएनएचा, भारतात तो 2020 मध्ये आसाम-अरुणाचलात पहिल्यांदा सापडला, आणि त्याच्यावर आपल्याकडे वापरायला लस नाही. माणसाला दोन्ही होत नाहीत. डोळ्यांनी बघून कुठला ते ठरवणारा, माझ्या मते, अंदाजच मारत असतो.

मेलेलं डुक्कर सरळ फाडत नाहीत. आफ्रिकन असेल तर रक्ताच्या थेंबाथेंबात विषाणू असतो आणि फाडलं की शेडभर पसरतो. शिवाय अचानक मरणात काळपुळीची (अँथ्रॅक्सची) शंका असतेच. म्हणून आधी कानाच्या शिरेतलं रक्त काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. डुकराच्या रक्तात हे जंतू कमी सापडतात, त्यामुळे घशाला सूज आहे का तेही चाचपलं. नव्हती. मग प्लॅस्टिकच्या कागदावर, डाव्या बरगड्यांमागे चार बोटांचा छेद देऊन फक्त पानथरीचा (प्लीहेचा) तुकडा घेतला. आफ्रिकनमध्ये ती फुगून काळी आणि हातात तुटेल अशी होते. इथे आकार नेहमीचाच, पण कडेला काळे, किंचित उठलेले डाग होते. क्लासिकलकडे झुकणारी खूण. पण झुकणारीच.

खरी गोष्ट मालकाला विचारताना निघाली. 20 दिवसांपूर्वी बाजारातून चार डुकरं आणली, वेगळी न ठेवता थेट कळपात सोडली. खाणं मंगल कार्यालयातलं खरकटं, न उकळता. दोघांना ताप आल्यावर घाबरून बाहेरच्या एका माणसाकडून सगळ्यांना लस टोचून घेतली. एकाच सुईने. लस म्हणजे औषध नव्हे, आत शिरलेला विषाणू ती काढत नाही. उलट तापलेल्या डुकराच्या रक्ताची सुई पुढच्या प्रत्येकात गेली. त्या दिवसापासून नवव्या दिवशी मरतुकीची रांग लागली.

प्रयोगशाळेपुढचा पेच वेगळाच होता. क्लासिकलची लस जिवंत विषाणूची असते. टोचल्यावर तो टॉन्सिलमध्ये कित्येक दिवस, कधी रक्तातही सापडतो आणि पीसीआर, म्हणजे विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी चाचणी, पॉझिटिव्ह येते. मग पॉझिटिव्ह म्हणजे रोग की लस? आम्ही विचारलं, "एकही सुटलं नाही?" तर "ती गाभण तेवढी सोडली की." दोन महिन्यांची गाभण डुकरीण, ताप 105. आम्हाला हवी होती ती हीच.

वरच्या जबड्याला फासा लावून धरली, मानेच्या खालून 5 मिली रक्त काढलं. प्रत्येक जनावराला नवी सुई. रक्त जांभळ्या झाकणाच्या, रक्त गोठू न देणाऱ्या ईडीटीएच्या नळीत. हिरव्या झाकणात हेपॅरिन असतं, ते पीसीआर बिघडवतं. अवयवाचा तुकडा फॉर्मलिनमध्ये टाकला तरी नमुना वाया. (हे दोन्ही घोटाळे दर वर्षी होतात.) नळी, भोवती शोषणारा कापूस, गळती न होणारी डबी आणि थर्माकोलची पेटी, असं तिहेरी पॅकिंग. बर्फ पिशवीत बांधलेला, नाहीतर वितळून नळीवरची शाई पुसते. पेटी त्याच संध्याकाळी माणसाबरोबर पुण्याला, औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडे.

पुरण्याचा खड्डा शेडमागच्या काळ्या रानात चार फुटांवरच पाण्याला लागला. तिथे 2019 चा पूर आला होता, त्यामुळे वरच्या माळावर सहा फुटी खड्डा घेऊन कळीचा चुना टाकला. शेडला 2 टक्के कॉस्टिक सोडा. 16 लिटरच्या पंपाला 320 ग्रॅम, पाण्यात सोडा टाकायचा, सोड्यावर पाणी नाही. आणि शेण आधी खरवडून काढायचं, त्याच्याखालचा विषाणू फवाऱ्याने मरत नाही.

तिसऱ्या दिवशी निकाल आला. आफ्रिकन सगळ्यांत निगेटिव्ह. क्लासिकल पाच नमुन्यांत पॉझिटिव्ह, त्यात ती गाभण. आजारी जनावरांत सीटी (पीसीआरमधला आकडा, जितका कमी तितका विषाणू जास्त) 20 ते 23, तिचाही 22. लस टोचलेल्या एका तंदुरुस्त नराचा मात्र 36. या नरातला विषाणू लसीचा असू शकतो, पण डुकरिणीत लस गेलीच नव्हती.

तोवर तिचा ताप उतरला होता, खात होती. मालक म्हणाला, "ती तेवढी ठेवा की, डॉक्टर. चार दिवसांत सुधारली बघा." तिलाच काढायला सांगितलं. गर्भाच्या 50 ते 70 दिवसांत विषाणू शिरला तर पिल्लं धडधाकट दिसतात, पण जन्मभर विषाणू बाळगतात आणि शरीर त्याला परका मानतच नाही. महिनोनमहिने ती बाहेर टाकत राहतात, आणि असली पिल्लं बाजारात चांगल्या भावाने जातात.