मेगॅलोडॉनचा दात अन् तालुक्याचा दातांचा दवाखाना

साळ्याच्या दोस्ताने फ्लोरिडातून आणलेला मेगॅलोडॉनचा, म्हणजे लाखो वर्षांपूर्वी नामशेष झालेल्या अवाढव्य शार्क माशाचा, दात आठ दिवसांसाठी शाळेत दाखवायला मिळाला, ओरिजिनल, साडेचार इंच, काळपट राखाडी, कडेवरून नख फिरवलं की बारीक आरीसारखं करकर लागतं. पण वर्गात पोट्टे ३२ अन् दात एक, कोणाच्या हातून फरशीवर पडला तर भरून कुठून देऊ? म्हणून नकला करायचं ठरवलं.

आधी घरीच मेणात ठसा घेतला, मार्चचं ऊन, संध्याकाळपर्यंत मेणाचा गोळा झाला. मग सुचलं की अरे, दातांचे ठसे घेणारा माणूस तालुक्याला बसलाच आहे! दवाखान्यात कंपाउंडर बघून म्हणे, "काहून जी गुरुजी, कोनाची दाढ उपडून आनली?" डॉक्टर मात्र खूश.

मुळाचा भाग खडबडीत, तिथे चिकटू नये म्हणून व्हॅसलीनचा हलका हात मारला, अन् मग अल्जिनेट, कवळीचं माप घेताना तोंडात भरतात ना तेच. पहिला ठसा वाया गेला, कारण टाकीचं पाणी तापलेलं अन् गरम पाण्यात अल्जिनेट लवकर घट्ट होतं, दात बुडवायच्या आतच गोळा. मग माठातलं पाणी घेतलं, आधी दाताच्या कडेवर अल्जिनेट बोटाने चोळून घेतलं म्हणजे बुडबुडे राहत नाहीत, तेव्हा कुठे आरीचे दाते उमटले. ठसा ब्लेडने चिरून दात काढायचा अन् लगेच त्यात डेंटल स्टोन, म्हणजे प्लास्टरसारखी पावडर पाण्यात कालवून, ओतायचा; ठसा तसाच ठेवला तर सुकून आकसतो. एका ठशातून एकच नक्कल धड निघते, म्हणून सहा होईतो रात्रीचे नऊ. डॉक्टरांनी फक्त पावडरीचे पैसे घेतले.

घरी पोस्टर कलर दिला, मुळाला चहाचं पाणी, मूळ अन् पात्याच्या मधला पट्टा गडद.

वर्गात पहिलाच प्रश्न, "सर, बाकीचा मासा कुठी गेला?" म्हटलं कान चाचपून बघ, शार्कचा सांगाडा तसा कूर्चेचा, तो सडतो, अन् दात मात्र जन्मभर पडत अन् नवे येत राहतात म्हणून तेच सापडतात. दुसरा प्रश्न, आपल्या नाल्यात सापडन का? नाही बाप्पा, हा मासा साधारण २.३ कोटी ते ३६ लाख वर्षांपूर्वीचा, अन् आपल्या नाल्यातला काळा दगड म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा थंड झालेला लाव्हा. भारतात ओडिशात बारीपदाकडे सापडलेत, तिथे तेव्हा समुद्र होता. तरी दुपारी चौघं नाल्यावर गेलेच.

खरा दात कापसात गुंडाळून परत केला. टोक तुटलेली सातवी नक्कल कंपाउंडरने मागून घेतली, ती आता दवाखान्याच्या काउंटरवर आहे.