टाळ वाजत राहतात तोवर

कंपनीच्या खर्चाने व्यक्तिमत्त्व विकासाची शिबिरं मी केली आहेत. ‘समोरच्याचं ऐकून घ्या’ असं तिथे पडद्यावर येतं, आपण ते वहीत उतरवतो, मग चहा होतो. ऐकून घेणं प्रत्यक्षात कसं असतं ते मी आळंदीहून माउलींच्या पालखीबरोबर चालताना पाहिलं.

दिंडीत हुद्दा कोणी विचारत नाही. माझ्याकडे पंगतीत आमटी वाढायचं काम आलं, आणि वाढप्याने शेवटच्या पंगतीला बसायचं हा नियम. पुणे ते सासवड हा सगळ्यात लांबचा टप्पा, त्यात दिवेघाट. पोटऱ्यांत गोळे आलेले, बादली घेऊन वाकतोय, आणि पुढ्यातले आजोबा निवांतपणे म्हणतात, ‘माउली, जरा खालनं ढवळून घाला की.’ घातलं.

पण खरी गंमत संध्याकाळी तळावर. पालखी मध्ये आणि भोवती दिंड्या उभ्या. टाळमृदंगाचा असा कल्लोळ, की शेजारच्याशी बोलायचं तर कानात ओरडावं लागतं. मग सोहळ्याची शिस्त राखणारे चोपदार हातातला दंड, म्हणजे चोप, उंच करून ‘होऽऽ’ अशी आरोळी देतात आणि एका क्षणात सगळा तळ गप्प. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवतच राहते. चोपदार तिथवर चालत जातात. हैबतबाबा आरफळकर ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी होते, त्यांनी एकोणिसाव्या शतकात या सोहळ्याला लावलेली शिस्त अजून चालते.

लोणंदला टाळ वाजत राहिले ते आमचेच. पाण्याचा टँकर मागच्या दिंड्यांपर्यंत येईपर्यंत रिकामा होत होता. चोपदार आले. आमच्या प्रमुखांनी दोनच वाक्यांत सांगितलं. मागचं उकरणं नाही, कोणाचं नाव घेणं नाही. चोपदारांनी मध्ये शब्द टाकला नाही, शेवटी एवढंच विचारलं, ‘कधीपासून?’ दिवसभर चाललेली, भुकेली हजारो माणसं तोवर आरतीसाठी उभी होती, एका दिंडीच्या पाण्यापायी. आमच्या ऑफिसात हीच तक्रार पंधरा जणांना मेल होऊन फिरली असती आणि टँकर रिकामाच राहिला असता. टाळ थांबले. मग हरवल्या-सापडल्या वस्तूंची यादी, उद्या निघायची वेळ, आणि आरती.

फलटणला एक तरुण वारकरी माझ्याकडे कुरकुरत आला, ‘काका, आमची तंबूतली जागा बदलून द्या.’ जागा सगळ्यांना सारख्याच, हे उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं. ते गिळलं. तो आधी पावसाबद्दल बोलला, मग घोरणाऱ्यांबद्दल, मग उगाच माझ्या गावाची चौकशी केली. मी आपला हूं हूं करत राहिलो. बऱ्याच वेळाने खालच्या आवाजात म्हणाला, वडिलांना रात्री तीन-चारदा उठावं लागतं, झोपलेल्यांना ओलांडून जायची त्यांना फार लाज वाटते, म्हणून दिवेलागणीनंतर ते पाणीच पीत नाहीत.

तंबूच्या दाराशी माझीच वळकटी होती. ती उचलून मधोमध नेली. घोरणाऱ्यांबद्दल पोरगा खोटं बोलत नव्हता.