खिशातला भाता

कॉम्पॅक्ट कॅमेरा घ्यायला आलेला माणूस दुकानात आधी तो खिशात घालून बघतो. रास्तच आहे. रिकोचा जीआर ३ बॅटरी आणि कार्डासकट २५७ ग्रॅम भरतो. पाव किलो, वर दहा-बारा शेंगदाणे. एवढ्याशा डबीत चित्र टिपणारा सेन्सर मात्र एपीएस-सी, म्हणजे बहुतेक डीएसएलआरच्या (लेन्स बदलता येणाऱ्या मोठ्या कॅमेऱ्यांच्या) मापाचा.

पण खिसा हाच या जातीचा वैरी. बटण दाबलं की लेन्सची नळी पुढे येते, बंद केलं की आत जाते. लोहाराचा भाताच तो. दर उघडझापीला हवा ओढतो आणि तिच्याबरोबर खिशात जे असेल ते: रुमालाचं तूस, बसच्या तिकिटाचा चुरा, बडीशेपेची भुकटी. डीएसएलआरची लेन्स काढून सेन्सर पुसता येतो. इथे लेन्स निघतच नाही; एका कणासाठी अख्खा कॅमेरा खोलावा लागतो. जीआर ३ सेन्सर थरथरवून धूळ झटकतो खरा, पण चिकट कणाला ती थरथर पुरत नाही.

कण आत गेलाय हे लगेच कळतही नाही. लेन्सचं छिद्र मोठं, म्हणजे एफ २.८ वर असलं तर तो दिसत नाही. पाऊस उघडल्यावर पर्वतीमागचं धुतलेलं आकाश लहान छिद्राने, एफ ११ वर टिपलं, की दर फोटोत त्याच जागी करडा ठिपका! संशय आला तर पांढरी भिंत घ्या, फोकस मुद्दाम बिघडवा, छिद्र शक्य तितकं लहान करा. ठिपके आपणहून हजेरी लावतात.

खरी परीक्षा पुण्याच्या गणपती विसर्जनाची. मंडईतल्या टिळक पुतळ्यापाशी मिरवणूक निघते, आणि लक्ष्मी रोडवर ढोल घुमू लागले की गुलाल हवेतच राहतो. तो बारीक, त्यात घामाने ओलसर. अशा वेळी काटकसरीचं शहाणपण उलटं पडतं. बॅटरी वाचवायला दर फोटोनंतर कॅमेरा बंद करणं म्हणजे दर वेळी भात्याला एक झटका. त्यापेक्षा आपोआप बंद होण्याची वेळ लांबवावी आणि दुसरी बॅटरी जवळ ठेवावी. जीआर ३ ची एक बॅटरी जेमतेम २०० फोटो पुरवते. बंद करण्याआधी नळीवर बसलेली धूळ मऊ ब्रशने झाडायची, मग रबरी फुग्याने हवा मारायची. तोंडाने फुंकर नको, थुंकी उडते.

गर्दीत फोकस शोधत बसायला सवड नसते. जीआरमध्ये स्नॅप फोकस (आधीच ठरवून ठेवलेल्या अंतरावरचा फोकस) २.५ मीटरवर आणि छिद्र एफ ५.६ वर ठेवलं, तर साधारण दीड मीटरपासून दहा-अकरा मीटरपर्यंतचं सगळं पुरेसं स्पष्ट येतं. टिपरू मारणारा हात त्यात येतो, मागचा ध्वजही येतो. (हात हलला तर मात्र तो शटरच्या वेगाचा प्रश्न, १/५०० सेकंदाच्या खाली उतरू नये.)

पावसाळ्यात बुरशीची भीती वेगळी. घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहिला की झालं. जेलचा रंग बदलला की ते तापवून पुन्हा वापरता येतं, फक्त पोळ्यांच्या तव्यावर नको.

आणि मिरवणुकीहून आल्यावर कॅमेऱ्याआधी कुडत्याचा खिसा उलटा करून झटकावा. शिवणीत गुलाल असतोच.