आपले टिपण कोण वाचणार आहे? आंतरराष्ट्रीय कायद्याच्या ऑनलाइन प्रशिक्षणाविषयी

दिवाणी आणि व्यापारी दाव्यांत अनेक वर्षे काम केल्यानंतर माझ्याकडे एक असे प्रकरण आले, ज्यात प्रतिपक्षाचा सगळा युक्तिवाद दोन देशांच्या मंत्र्यांनी बैठकीनंतर सह्या केलेल्या एका इतिवृत्तावर उभा होता. ते इतिवृत्त बंधनकारक करार ठरतो की ती केवळ चर्चेची नोंद आहे, हा प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर कोणत्या दिशेने शोधायचे हेच मला उमगत नव्हते. पदवीच्या वर्षांत आंतरराष्ट्रीय कायदा अभ्यासला होता, पण त्यातल्या लक्षात राहिलेल्या व्याख्यांच्या आधारे अशिलाला सल्ला देता येत नाही. कामकाज थांबवून पूर्णवेळ शिक्षण घेणे शक्य नसल्यामुळे मी ऑनलाइन प्रशिक्षणाकडे वळले. दोन अभ्यासक्रम पूर्ण केल्यानंतर या शिक्षणाबद्दल माझे एक ठाम मत झाले आहे आणि ते सविस्तर मांडावे असे वाटते.

पहिला अभ्यासक्रम पूर्णपणे ध्वनिचित्रफितींवर आधारलेला होता. व्याख्याने उत्तम होती. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी बहुपर्यायी प्रश्न असत आणि ठरावीक गुण मिळाले की प्रमाणपत्र आपोआप तयार होई. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या संविधीच्या, म्हणजे त्याची रचना आणि अधिकार ठरवणाऱ्या मूळ दस्तऐवजाच्या, अनुच्छेद ३८ मध्ये करार, रूढी, कायद्याची सर्वसाधारण तत्त्वे आणि दुय्यम साधने म्हणून न्यायनिर्णय व विद्वानांची मते असा क्रम दिला आहे, हे मला त्या परीक्षेत अचूक सांगता आले. मात्र त्याच आठवड्यात इतिवृत्ताच्या प्रश्नावर दोन पानांचे मत लिहायला बसले, तेव्हा पहिल्या परिच्छेदापुढे जाता आले नाही. पर्यायांतून योग्य उत्तर निवडणे आणि रिकाम्या कागदावर उत्तर रचणे या दोन अगदी भिन्न क्षमता आहेत, आणि वकिलाला रोज लागते ती दुसरी.

म्हणून दुसरा अभ्यासक्रम निवडताना मी संस्थेला एकच प्रश्न विचारला: आम्ही लिहिलेले कोण वाचणार आहे? तेथे चौदा जणांचा गट होता. दर पंधरवड्याला एक काल्पनिक वाद दिला जाई, त्यावर टिपण लिहायचे, अध्यापक त्यावर समासात शेरे लिहून परत पाठवत, आणि ते पुन्हा लिहिल्याखेरीज पुढचे प्रकरण उघडत नसे. कार्यालयातून परतल्यावर रात्री हे लेखन करताना थकवा येई, तरीही मला जे काही आले ते या पुनर्लेखनातूनच आले, याविषयी माझ्या मनात शंका नाही.

तिसऱ्या टिपणाचा विषय नेमका माझ्या प्रकरणाशी जुळणारा निघाला. कतार आणि बहरीन यांच्या परराष्ट्रमंत्र्यांनी डिसेंबर १९९० मध्ये दोहा येथील बैठकीच्या इतिवृत्तावर सह्या केल्या होत्या. आपला वाद आंतरराष्ट्रीय न्यायालयापुढे नेण्यास त्या इतिवृत्तामुळे आधार मिळतो, असे कतारचे म्हणणे होते, तर आपण केवळ एका राजकीय सामंजस्याची नोंद केली, करार करण्याचा आपला हेतूच नव्हता, असे बहरीनचे मंत्री सांगत होते. न्यायालयाने १ जुलै १९९४ रोजी असे ठरवले की इतिवृत्तात चर्चेचा केवळ वृत्तान्त नसून दोन्ही पक्षांनी स्वीकारलेली बंधने मोजून लिहिली आहेत, आणि अशा मजकुरावर सही केलेल्या मंत्र्याला नंतर आपला हेतू वेगळा होता असे म्हणता येणार नाही. मी माझ्या टिपणाची सुरुवात पक्षकारांच्या हेतूपासून केली होती. अध्यापकांनी पहिल्याच ओळीशी लिहिले होते की हेतू शेवटी पाहा, आधी क्रियापदे पाहा. मी इतिवृत्तातली क्रियापदे एकामागून एक काढली: ‘मान्य केले’, ‘पुनरुच्चार केला’, ‘सादर करता येईल’. त्या यादीनंतर टिपणाची सगळी मांडणीच बदलली. पुढे कामातल्या इतिवृत्ताचीही मी याच रीतीने चिकित्सा केली आणि तेथे बंधन निर्माण करणारे एकही क्रियापद नाही हे लवादापुढे दाखवता आले.

शब्दांकडे पाहण्याची ही शिस्त लाग्रँड प्रकरणात आणखी खोलवर समजली. अमेरिकेत मृत्युदंड झालेल्या दोन जर्मन भावांना आपल्या वाणिज्य दूतावासाशी संपर्क साधण्याचा हक्क आहे, हे वाणिज्यदूत संबंधांविषयीच्या १९६३ च्या व्हिएन्ना कराराच्या अनुच्छेद ३६ प्रमाणे वेळेवर सांगितले गेले नव्हते. एका भावाला आधीच देहदंड देण्यात आला होता. दुसऱ्यासाठी जर्मनीने २ मार्च १९९९ रोजी न्यायालयात धाव घेतली आणि न्यायालयाने दुसऱ्याच दिवशी अंतिम निर्णयापर्यंत शिक्षा अमलात आणली जाऊ नये असा अंतरिम आदेश दिला, परंतु त्याच दिवशी ती अमलात आणली गेली. मग प्रश्न उरला तो असा, की असा आदेश बंधनकारक असतो का? संविधीच्या अनुच्छेद ४१ चा इंग्रजी मजकूर ‘घेतले जावेत असे उपाय’ अशा सौम्य वळणाचा आहे, तर फ्रेंच मजकुरातले क्रियापद ‘घेतले गेलेच पाहिजेत’ या अर्थाकडे झुकते, आणि दोन्ही मजकूर सारखेच अधिकृत आहेत. करारविषयक कायद्याच्या १९६९ च्या व्हिएन्ना करारातील अनुच्छेद ३३ मध्ये अशा वेळी कराराचे उद्दिष्ट आणि प्रयोजन पाहून मजकुरांचा मेळ घालावा असा नियम आहे. त्याला धरून न्यायालयाने २७ जून २००१ रोजी अंतरिम आदेश बंधनकारक असतात असा निर्णय दिला. न्यायालयाच्या स्थापनेनंतर अर्धशतकाहून अधिक काळ या प्रश्नाचा निर्णायक उलगडा झाला नव्हता, आणि तो दोन भाषांतल्या एका क्रियापदाच्या तुलनेतून झाला. आम्हाला निवाडा न वाचता केवळ दोन्ही मजकूर देऊन आधी आपले मत लिहायला सांगितले होते. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो, कारण निवाडा आधी वाचला की तोच एकमेव शक्य निष्कर्ष होता असा समज होऊन बसतो.

रूढिजन्य कायद्याचे प्रकरण मात्र सर्वांत अवघड गेले. राज्यांचे, म्हणजे सार्वभौम देशांचे, आचरण आणि ते कायद्याने बंधनकारक आहे अशी त्यांची धारणा, ही दोन अंगे सांगणे सोपे आहे. प्रत्यक्षात ही धारणा कशातून सिद्ध करायची, हे पडद्यावरच्या व्याख्यानात ऐकून येत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय विधी आयोगाने २०१८ मध्ये रूढिजन्य कायदा ओळखण्याविषयी १६ निष्कर्ष स्वीकारले आहेत, आणि रेड क्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीने २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मानवतावादी कायद्याचे १६१ रूढिजन्य नियम नोंदवलेले आहेत. आम्हाला त्यांतला एकेक नियम वाटून देऊन त्याच्यामागचे लष्करी नियमपुस्तिकांचे उतारे, राष्ट्रीय कायदे आणि राज्यांची निवेदने तपासायला लावली होती. माझ्या नियमासाठी मला तीन आठवडे लागले. एवढे करूनही अध्यापकांनी विचारले की जी राज्ये गप्प राहिली त्यांच्याविषयी तुमचे म्हणणे काय आहे, आणि मला अर्धे टिपण नव्याने लिहावे लागले.

पैसे भरूनच हे शिकता येते असे नाही, आणि हे मुद्दाम सांगायला हवे. संयुक्त राष्ट्रांचे आंतरराष्ट्रीय कायद्याचे दृक्‌श्राव्य ग्रंथालय २००८ पासून खुले आहे. त्यात न्यायाधीश, प्राध्यापक आणि व्यवसायी यांची शेकडो व्याख्याने आहेत, शिवाय महत्त्वाच्या करारांच्या मसुदा-इतिहासाची कागदपत्रेही आहेत, आणि त्यासाठी शुल्क किंवा प्रवेशप्रक्रिया नाही. जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या अकादमीचा प्राथमिक अभ्यासक्रम निःशुल्क असून अनेक भाषांत घेता येतो. हेगच्या आंतरराष्ट्रीय कायदा अकादमीला १९२३ पासूनची परंपरा आहे, तिची शिकवण्याची भाषा इंग्रजी आणि फ्रेंच आहे. केवळ व्याख्यानांसाठी शुल्क भरण्याची आज गरज नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. शुल्क द्यायचे असेल तर ते आपले लेखन बारकाईने वाचून त्यावर उत्तर देणाऱ्या माणसाच्या वेळेसाठी द्यावे.

आणखी एक साधन ऑनलाइन शिकणाऱ्याच्या हातात आले आहे, ज्याचा उपयोग अभ्यासक्रमांत पुरेसा होत नाही. आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या सुनावण्या थेट पाहता येतात, आणि तोंडी सुनावणी सुरू झाल्यावर सामान्यतः लेखी युक्तिवादही संकेतस्थळावर खुले केले जातात. २०२० च्या जून महिन्यात न्यायालयाने आपल्या नियमांत दुरुस्ती करून दृक्‌श्राव्य माध्यमातून सुनावणीची तरतूद केली आणि ३० जून रोजी गयाना विरुद्ध व्हेनेझुएला या प्रकरणात अधिकारक्षेत्राच्या प्रश्नावर तशी सुनावणी घेतली. पूर्वी न्यायालय जेथे भरते त्या हेगच्या शांती प्रासादात बसणाऱ्यांनाच जे पाहता येई, ते आता कोणालाही आपल्या टेबलापाशी बसून पाहता येते. त्या निमित्ताने मी एक सवय लावून घेतली. आधी दावा दाखल करणाऱ्या राज्याचा अर्ज वाचायचा, मग दोन्ही बाजूंच्या युक्तिवादांचा एक पानाचा सारांश करायचा, न्यायालय काय ठरवेल आणि कोणत्या आधारावर, हे तारीख घालून लिहून ठेवायचे, आणि निवाडा आल्यावर त्या पानाशी ताडून पाहायचा. त्यानंतर बहुमताशी असहमत न्यायाधीशांची भिन्न मते वाचायची, कारण आपण वाट कोठे सोडली ते बहुतेक वेळा तेथे सापडते. अण्वस्त्रांच्या वापराविषयीचे न्यायालयाचे १९९६ चे सल्लागार मत (दाव्याचा निवाडा नव्हे, तर विचारलेल्या कायदेशीर प्रश्नाला दिलेले उत्तर) वाचताना मला हे प्रकर्षाने जाणवले. त्यातील सर्वांत वादग्रस्त परिच्छेदावर ७ विरुद्ध ७ अशी मते पडली, अध्यक्षांच्या निर्णायक मताने तो संमत झाला, आणि चौदाही न्यायाधीशांनी आपले स्वतंत्र म्हणणे जोडले. ती चौदा निवेदने क्रमाने वाचणे हा स्वतंत्र अभ्यासक्रमच होय.

प्रमाणपत्राविषयी अनेक जण मला विचारतात, म्हणून तेवढे लिहिते. अशा प्रमाणपत्राने कोणत्याही न्यायालयात उभे राहण्याचा अधिकार मिळत नाही. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या वकिलांच्या यादीत नाव यायला किमान दहा वर्षांचा संबंधित अनुभव आणि इंग्रजी किंवा फ्रेंच यांपैकी एका भाषेवर उत्तम प्रभुत्व लागते. तेथे बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमाने त्या अनुभवाची जागा भरून निघत नाही. मुलाखतीत मला प्रमाणपत्र दाखवावे लागले नाही, मात्र लेखनाचा नमुना एकदा मागितला गेला. मी कतार-बहरीनवरचे टिपण त्याच्या तिसऱ्या रूपात पाठवले.

येत्या महिन्यात मी पुढचा गट धरते आहे. विषय करारांवरील आरक्षणांचा, म्हणजे करार स्वीकारताना एखादे कलम आपल्याला लागू नाही असे राज्याने नोंदवण्याचा, आहे आणि पहिला स्वाध्याय वंशसंहारविरोधी करारावरील आरक्षणांविषयीच्या १९५१ च्या सल्लागार मतावर आहे. ते मत मी अजून मुद्दाम उघडलेले नाही. कराराचा मजकूर आणि संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने विचारलेले प्रश्न एवढेच समोर ठेवून माझ्या उत्तराचा पहिला मसुदा रविवारी लिहायला घेतला आहे.