हे सरकार तुमचे आहे का?

प्रश्न दोन आहेत, पण विचारणारे ते एकाच दमात विचारतात. पुण्याची नणंद, दिवाळीला जमणारी इथली, पोलंडमधली, मराठी मंडळी आणि कचेरीतले पोलिश सहकारी यांच्यात एरवी फारसे साम्य नाही. पंतप्रधान टुस्क यांच्या सरकारचा विषय निघाला की मात्र सगळे त्याच वळणावर येतात. एकमेकांशी न पटणाऱ्या पक्षांची ही मोट म्हणजे आपली महाविकास आघाडीच नव्हे का? आणि तुम्ही तर त्यातल्या ‘तिसरा मार्ग’ या मधल्या गटाला मत दिले होते, मग आता हे सरकार तुम्हांला आपले वाटते का? मी इथली मतदार आहे, त्यामुळे उत्तर टाळण्याची सोय मला नाही.

पहिला प्रश्न लवकर संपतो. महाविकास आघाडी 2019 मध्ये निकालानंतर जुळली. इथे 15 ऑक्टोबर 2023 रोजी मत देणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होते की जागा पुरल्या तर हे विरोधी पक्ष एकत्र सरकार बनवणार आहेत. 460 पैकी 194 जागा जिंकून तेव्हाचा सत्ताधारी ‘कायदा आणि न्याय’ पक्ष पहिला आला, तरी टुस्क यांची नागरी आघाडी 157, ‘तिसरा मार्ग’ 65 आणि डावे 26 अशी बेरीज 248 झाली. 10 नोव्हेंबरच्या आघाडी करारावर पाच नेत्यांच्या सह्या आहेत. राष्ट्राध्यक्ष दुदा यांनी तरीही आधी त्याच पक्षाचे मावळते पंतप्रधान मोराविएत्स्की यांनाच पाचारण केले, ते 11 डिसेंबरला विश्वासमत हरले आणि 13 डिसेंबरला टुस्क यांचा शपथविधी झाला. पक्षांतरबंदी कायदा इथे नाही. मात्र पंतप्रधानाला हटवायचे तर त्याच ठरावात पुढच्या पंतप्रधानाचे नाव द्यावे लागते आणि त्या नावामागे 231 खासदार उभे करावे लागतात. रुसणे सोपे, पाडणे कठीण, असा हा मामला आहे.

खातेवाटपही समजण्यासारखेच आहे. अर्थ, परराष्ट्र, गृह, न्याय, शिक्षण आणि आरोग्य टुस्क यांच्या गोटात राहिले. ‘तिसरा मार्ग’ म्हणजे मुळात दोन पक्ष. त्यांपैकी पीएसएल या जुन्या शेतकरी पक्षाने संरक्षण, शेती आणि पायाभूत सुविधा घेतल्या, तर होवोव्निया यांच्या ‘पोल्स्का 2050’ने हवामान आणि युरोपीय निधी. डाव्यांकडे कामगार, डिजिटल व्यवहार, विज्ञान आणि समानता ही खाती गेली. सेय्मचे, म्हणजे कनिष्ठ सभागृहाचे, अध्यक्षपद आधी होवोव्निया आणि मग डाव्यांचे चाझास्ती, हेही तेव्हाच ठरले होते आणि नोव्हेंबर 2025 मध्ये ते पाळले गेले. आघाडीत शब्द पाळला जातो हे मी नणंदेला जरा चढ्या आवाजात सांगते, हे कबूल.

दुसरा प्रश्न मात्र बोचतो. एकट्या पक्षाला सेय्ममध्ये जाण्यासाठी 5 टक्के मते लागतात. आघाडी म्हणून यादी दिली तर 8. ‘तिसरा मार्ग’ आघाडी म्हणून उभा होता आणि 2023 च्या उन्हाळ्यात तो उंबरठ्याशीच रेंगाळताना दिसत होता. तो घसरला असता तर त्याची सगळी मते वाया जाऊन सत्ता होती तिथेच राहिली असती. आमच्या व्रोत्सवाफमधून डाव्यांच्या अग्न्येश्का जेम्यानोविच-बाँक उभ्या होत्या, 2016 च्या गर्भपातबंदीविरोधी आंदोलनातून पुढे आलेल्या. मन त्यांच्याकडे होते. गणित दुसरीकडे होते. चादरीएवढ्या मतपत्रिकेवर ‘पोल्स्का 2050’च्या एका नावापुढे मी फुली मारली. त्याच रात्री शहराच्या यागोद्नो भागात लोक पहाटे तीनपर्यंत रांगेत थांबले होते आणि शेजारीपाजारी त्यांना पिझ्झा आणून देत होते. ‘तिसरा मार्ग’ला 14.4 टक्के मिळाले. माझ्या मताची गरज नव्हती, हे आज कोणीही सांगेल. त्या दिवशी सांगणारा कोणी नव्हता.

मग 12 जुलै 2024 आला. शुक्रवार होता. गर्भपातासाठी मदत करणाऱ्याला इथे तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मैत्रिणीला गोळ्या मिळवून देणारी बाईदेखील त्यात येते. ही शिक्षा बऱ्याच अंशी काढून टाकणारे डाव्यांचे विधेयक मतदानाला होते. 2020 च्या घटनात्मक न्यायाधिकरणाच्या निर्णयाने कायदेशीर गर्भपात जवळजवळ बंद केल्यानंतर हिवाळ्यात रस्त्यावर उतरलेल्या बायकांच्या मागणीपुढे हे पाऊल अगदीच लहान होते. कचेरीत आम्ही दोघी-तिघी एका फोनवर सेय्मचे थेट प्रक्षेपण पाहत होतो. फलकावर आकडे आले: बाजूने 215, विरोधात 218, तटस्थ 2. विरोधकांची मते अपेक्षितच होती. त्यांच्या जोडीला पीएसएलचे बहुतेक खासदार होते. टुस्क यांच्याच गटातले रोमान गिएर्तिख यांनी मत दिलेच नाही आणि एक उपमंत्री अमेरिकेत दौऱ्यावर होते. त्यांचे पद नंतर गेले. शेजारी बसलेली सहकारी फोन उलटा ठेवून एवढेच म्हणाली, “तुझ्या लोकांनी पाडले.”

तेव्हा मला उत्तर सुचले नाही आणि नंतर सुचलेली उत्तरे मलाच पटत नाहीत. मी म्हणू शकले असते की ‘पोल्स्का 2050’च्या खासदारांनी बहुसंख्येने बाजूने मत दिले, पण यादी एक होती आणि उंबरठाही एकच, तेव्हा पीएसएलला आत आणण्यात माझी फुली होतीच. मी म्हणू शकले असते की पीएसएलचे नेते कोसिन्याक-कामिश यांनी कधीच काही लपवले नव्हते आणि हा सदसद्विवेकाचा प्रश्न आहे, आघाडीचा नव्हे, असे ते आधीपासून सांगत आले होते. हे खरे आहे, आणि म्हणूनच अधिक वाईट आहे. 2023 मधली मी यावर हट्टाने म्हणते की डाव्यांना मत देऊन जुनेच सरकार परत आले असते तर हे विधेयक मतदानापर्यंतही पोहोचले नसते, आणि मंजूर झाले असते तरी दुदा सही करणार नव्हतेच. तिचे गणित चुकलेले नाही. पण बाईच्या शरीराचा प्रश्न सोडून बाकी सगळे त्या गणितात कसे बसले, हे ती सांगत नाही.

त्या ऑगस्टच्या अखेरीस आरोग्यमंत्री लेश्चिना आणि न्यायमंत्री बोदनार यांनी मार्गदर्शक सूचना काढल्या: आरोग्याला धोका असल्याचे एका तज्ज्ञाचे, मानसोपचारतज्ज्ञाचेही, प्रमाणपत्र रुग्णालयाला पुरे. सेय्मला जे जमले नाही त्यातले थोडे मंत्र्यांनी कागदावर करून दाखवले. पण सूचना म्हणजे कायदा नव्हे. जून 2025 मध्ये नाव्रोत्स्की राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले, त्यांचा नकाराधिकार मोडायला लागणारे तीन-पंचमांश या आघाडीकडे नाहीत, आणि जुलैच्या फेरबदलात लेश्चिना आणि बोदनार दोघेही मंत्रिमंडळातून गेले. समानता खात्याच्या कोतुला यांचा मंत्रिदर्जाही तेव्हाच गेला. कोसिन्याक-कामिश उपपंतप्रधान आणि संरक्षणमंत्री म्हणून कायम आहेत. युक्रेनला लागून सीमा असलेल्या देशात ते खाते ते नीट सांभाळतात, हेही मला मान्य करावे लागते.

‘तिसरा मार्ग’ त्याच उन्हाळ्यात मोडला. 2027 च्या निवडणुकीत पीएसएल एकटा उभा राहिला, 5 टक्क्यांच्या काठावर दिसू लागला आणि पुन्हा कोणी मला बेरीज मांडून दाखवली, तर मी काय करीन हे आज विचारू नका. जेम्यानोविच-बाँक बहुधा तेव्हाही आमच्याच शहरातून उभ्या असतील.